अश्वांचे चेहरे

सन १८१९ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस, वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात हिंडणारा जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अंमलदार वाघूर नदीच्या घळीत उतरला, आणि ज्या लेण्यांचा बाहेरच्या जगाला शतकानुशतके विसर पडला होता त्यांपैकी दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व ती तारीख कोरून परत फिरला. ही हकिकत बहुतेकांना तोंडपाठ असते. तिच्यातील एक लहानसा तपशील मात्र सहसा कोणी मनावर घेत नाही. स्मिथने आपल्या नावापुढे जे कोरले ते त्याच्या रिसाल्याचे नाव होते: अठ्ठाविसावे घोडदळ. प्राचीन भारतातील सर्वांत देखणे घोडे ज्या भिंतींवर रंगविले गेले, त्या भिंतींपाशी आधुनिक जगाला प्रथम घेऊन आलेला मनुष्य पेशाने घोडेस्वार होता, हा योगायोग खरा. परंतु या मुलुखाच्या इतिहासात असे योगायोग इतक्यांदा घडले आहेत की त्यांना निव्वळ योगायोग म्हणणे जिवावर येते.

घोड्यावर मांड टाकणाऱ्याची दृष्टी आणि घोडा चितारणाऱ्याची दृष्टी यांचा संबंध या परिसराइतका दीर्घकाळ व इतक्या विविध निमित्तांनी अन्यत्र क्वचितच आला असेल. यादवांची देवगिरी, मलिक अंबरची खडकी, मोगलांचे औरंगाबाद, निजामाच्या अमलातील छावणी आणि आजचे छत्रपती संभाजीनगर या साऱ्या स्थित्यंतरांत घोड्याकडे टक लावून पाहणारी माणसे येथे होतीच. त्यांपैकी केवळ हौसेखातर पाहणारे मात्र फार उशिरा आले. त्यांच्या आधी जे होते ते भाविक होते, शिपाई होते, दलाल होते, आणि कारकून होते. आजच्या हौशी चित्रकाराने आपली रेखाटनवही उघडण्यापूर्वी या पूर्वजांची, त्यातही विशेषतः त्या कारकुनांची, थोडी ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

आरंभ अर्थातच अजिंठ्यापासून करावा लागतो. पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात, खोदल्या व रंगविल्या गेलेल्या सतराव्या लेण्याच्या मुख्य दालनात उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. गलबत फुटून राक्षसींच्या बेटावर अडकलेल्या व्यापाऱ्यांना पाठीवर घेऊन समुद्रापार नेणारा शुभ्र अश्व हा त्या कथेत प्रत्यक्ष बोधिसत्त्वच होय. आणि पुढे तोच सिंहल राजा होऊन त्या बेटावर स्वारी करतो तेव्हा नावांतून हत्ती-घोडे उतरविले जाण्याचा जो कल्लोळ चित्रकाराने उभा केला आहे, त्यात एकाही प्राण्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या धडाला चिकटलेला दिसत नाही. समोरच्या बाजूस विश्वंतर जातक आहे: दानशूर राजपुत्र चार घोड्यांच्या रथातून नगर सोडून निघतो, आणि वाटेत याचक भेटतात तेव्हा घोडे व रथही देऊन टाकतो. मनुष्यांच्या डोळ्यांतील करुणेविषयी या चित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चार घोड्यांच्या खांद्यांविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि हे थोडे अन्यायाचे आहे.

त्या घोड्यांजवळ उभे राहून पाहावे, म्हणजे ते कसे उतरले याचा काहीसा उलगडा होतो. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरूची रेघ, असा तो क्रम आहे. पुढचे रंग बहुतेक आसपासच्या मातीतलेच: तांबडी व पिवळी काव, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना, लाजवर्दाचा निळा रंग तेवढा परदेशाहून आलेला. आता पांढऱ्या घोड्याला या सामग्रीचा उपयोग तो किती? अंग पांढरे आणि अस्तरही पांढरे. तेव्हा मानेची कमान, छातीचा फुगवटा, पुठ्ठ्याची गोलाई हे सारे त्या एका रेषेनेच सांगावे लागते. जिथे स्नायू ताणलेला असेल तिथे रेषा जाड होते आणि जिथे कातडे हाडावर नुसते टेकलेले असेल तिथे ती बारीक होत जाते. ज्याने घोड्याच्या अंगावरून कधी हात फिरविला नाही त्याला ही गोष्ट साधणे अशक्य आहे. तथापि हेही मान्य केले पाहिजे की अजिंठ्याचा घोडा हा कथेतला घोडा आहे. तो उत्तम आहे, तेजस्वी आहे, आणि कोणत्याही एका मालकाचा नाही. अमुक गावच्या अमुक माणसाचा, उजवा मागचा पाय पांढरा असलेला घोडा चितारण्याचे त्या चित्रकारांना प्रयोजनच नव्हते.

ते प्रयोजन निर्माण केले राज्यकारभाराने. दक्खनच्या हवेत मोठ्या हाडाचा घोडा निपजत नसे. तो अरबस्तानातून व इराणातून जहाजांनी चौल-दाभोळच्या बंदरांत उतरे आणि घाट चढून वर येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता, की लुटीतला इतर माल तुमचा, घोडे मात्र आमचे, असे मार्को पोलोने नमूद करून ठेवले आहे. त्यावरून घोड्याची किंमत काय होती हे समजावे. आणि जिथे वस्तू इतकी मोलाची, तिथे लबाडीही त्याच तोलाची. सरदाराने सरकारातून शंभर स्वारांचा तनखा घ्यावा, पदरी साठ बाळगावेत, आणि हजिरीच्या दिवशी शेजारच्या सरदाराचे चाळीस घोडे उसने आणून उभे करावेत. चांगला इराकी घोडा दाखवून मान्यता मिळवावी, आणि दुसऱ्या दिवशी तो विकून त्याच्या जागी तट्टू बांधावे. १२९६ मध्ये सुलतानाचा पुतण्या व जावई असताना स्वारांनिशी देवगिरीवर अचानक येऊन थडकलेला अलाउद्दीन खिलजी पुढे सुलतान झाला तेव्हा त्याने या लबाडीवर तोड काढली: प्रत्येक घोड्याला डाग द्यावा आणि प्रत्येकाचे वर्णन लिहून ठेवावे. अकबराने तीच पद्धत पुन्हा चालू करून ती अधिक पक्की केली, घोड्यांचे अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताझी व जंगला असे सात दर्जे ठरविले, आणि हा सारा सरंजाम मोगल फौजांबरोबर दक्खनेत उतरला.

तो येण्यापूर्वीच हे शहर घोड्यांचे झाले होते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसविली ती निजामशाहीची राजधानी म्हणून खरी, परंतु त्याचे बळ होते हलक्या, चपळ घोडदळात; मराठा बारगीर व शिलेदार यांच्या तट्टांनी मोगलांच्या अवजड फौजांना जे हैराण केले त्याचा इतिहास १६२४ च्या भातवडीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. पुढे औरंगजेब दक्खनच्या सुभेदारीवर आला, खडकीचे औरंगाबाद झाले, आणि तटाबाहेर एकेका राजपूत सरदाराच्या छावणीचे एकेक पुरे वसले. करणपुरा हे बिकानेरच्या राजा करणसिंहाचे, आणि त्याचा अंतही याच शहरात झाला; पदमपुरा त्याच्या पुत्राचे; जयसिंगपुरा व भावसिंगपुरा ही अशीच. आज या नावांच्या वस्त्यांतून वाहन उभे करायला जागा मिळत नाही. तेव्हा तिथे पागा होत्या, खुंट्यांना अगाडी-पिछाडी बांधलेले घोडे ओळीने उभे असत, आणि नालबंद, मोतद्दार, चाबुकस्वार यांच्या पिढ्या त्यांच्यावर जगत होत्या.

या घोड्यांची वर्णने लिहिणाऱ्या कारकुनांचे कागद अद्याप आहेत. शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातील दक्खनच्या कारभाराचे हजारो फारसी कागद औरंगाबादच्या किले अर्क या राजवाड्यात पडून होते. ते १९१६ मध्ये हैदराबादेस हलविण्यात आले, आणि १९५० मध्ये डॉ. युसुफ हुसेन खान यांनी शहाजहानकालीन निवडक कागदांचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ या वर्गातील कागदही आहेत. आधी स्वाराचे वर्णन: नाव, बापाचे नाव, वतन, वर्ण, कपाळ कसे, भुवया कशा, तोंडावर तीळ किंवा जखमेचा वण कोठे. मग घोड्याचे: रंग कोणता, कपाळावर टिकला आहे का, कोणता पाय पांढरा, डाग कोणत्या अंगास. बारा-पंधरा शब्दांत एक घोडा दुसऱ्यापासून असा वेगळा करावयाचा, की तो वर्षभराने, दुबळा होऊन, धुळीने माखून, दुसऱ्याच कारकुनासमोर उभा राहिला तरी ओळखला जावा. हे काम नीरस होते यात शंका नाही. पण ज्याने कधी तीस सारख्याच तांबूस घोड्यांपुढे बसून त्यांपैकी एकाचे चित्र काढण्याचा प्रयत्न केला असेल त्याला हे पटेल की चित्रकलेची पहिली अट त्या कारकुनांनी पाळली होती: समोर जे आहे तेवढेच पाहणे. आजही स्पर्धेच्या घोड्याच्या पासपोर्टात घोड्याची कोरी बाह्याकृती छापलेली असते, आणि पशुवैद्य तीवर तांबड्या शाईने पांढऱ्या खुणा व फुलीने भोवरे भरून देतो. म्हणजे चेहरा लिहिण्याचा तो जुना रिवाज अखेर रेखाटनाशी येऊन मिळाला.

या दफ्तरी परंपरेनेच आपल्याला घोड्याच्या रंगांचा शब्दसंग्रह दिला, आणि तो किती समृद्ध आहे! कुमैत, सुरंग, समंद, मुष्की, सब्जा, नुकरा, अबलख: यांतील प्रत्येक शब्द रंगपेटीतल्या तीन-तीन वड्यांचे मिश्रण सांगतो. कुमैत म्हणजे नुसता तांबडा नव्हे, तर आयाळ, शेपूट व गुडघ्याखालचे पाय काळे असलेला तांबडा. तेच आयाळ अंगाच्याच रंगाचे असेल तर तो सुरंग. याला संस्कृत शालिहोत्राच्या परंपरेतून आलेल्या शुभाशुभ लक्षणांची जोड मिळाली. चारही पाय व कपाळ पांढरे असेल तो पंचकल्याणी, अमुक ठिकाणी भोवरा असेल तर तो देवमण, अशा खुणांवर सौद्यात किंमत चढे-उतरे. भोवऱ्याने धन्याचे भाग्य बदलते यावर माझा काडीचाही विश्वास नाही. परंतु या समजुतीपायी शेकडो वर्षे लोकांनी घोड्याच्या अंगावरील केसांच्या वळणांकडे जे बारकाईने पाहिले, ते पाहणे फुकट गेले असे म्हणवत नाही.

कारकुनांच्या शेजारी त्याच शहरात चित्रकारही बसले होते. भानुदत्ताच्या रसमंजरीची एक सचित्र पोथी १६५० मध्ये औरंगाबादेत सिद्ध झाली, आणि बिकानेरच्या राजांबरोबर दक्खनी कलमाचे संस्कार राजपुतान्यापर्यंत पोहोचले. याच शतकात निकोलाव मनुची या व्हेनिसच्या साहसी प्रवाशाने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून हिंदुस्थानातील राजपुरुषांची चित्रे करवून घेतली. त्यांतील शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लघुचित्रांतील घोड्यांना एक खोड मात्र सार्वत्रिक होती. भरधाव घोडा काढावयाचा म्हणजे पुढचे दोन पाय पुढे फेकलेले, मागचे दोन मागे ताणलेले, आणि पोट जमिनीला समांतर. बाण सुटावा तसा घोडा. इंग्लंडातील जॉर्ज स्टब्स याने एका खेड्यात दीड वर्ष राहून घोड्यांची प्रेते सोलून, त्या दुर्गंधीत बसून, १७६६ मध्ये अश्वशरीराचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तरी धावता घोडा काढताना तोही पुष्कळदा याच मोडणीवर जाई. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने एका धावत्या घोडीची ओळीने छायाचित्रे घेतली तेव्हा कळले की चारही पाय अधांतरी असतात ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शास्त्राने चित्रकारांची अशी फजिती केली खरी. परंतु मोगली घोडा कागदावर धावतो आणि मायब्रिजचा घोडा अधांतरी थिजतो, हे ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दक्खनी कलमातील घोड्यांपैकी मला सर्वांत जिवंत वाटतो तो मात्र धावणारा नाही. सतराव्या शतकातल्या विजापुराकडील काही चित्रांत अबरी कागदाच्या, म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून उमटविलेल्या लाटालाटांच्या कागदाच्या, कातरलेल्या आकृतीतून एक हाडकुळा, भुकेला घोडा उभा केलेला आहे: बरगड्या मोजून घ्याव्यात, पाठीचा कणा वर आलेला, मान खाली गेलेली. हा विषय मूळचा इराणी, त्याला सूफी अर्थही लावले जातात. मला त्यांची फारशी गरज भासत नाही. मोहिमेच्या अखेरच्या महिन्यात, वैरण संपल्यावर, बारगिराच्या हाताखालचा घोडा कसा दिसत असेल याची इतकी प्रामाणिक साक्ष दरबारी चित्रांच्या ढिगात दुसरी मिळत नाही.

मराठ्यांची तट्टे काही वेगळीच. भीमेच्या खोऱ्यात देशी घोडीवर अरबी-तुर्की रक्ताचा संकर होऊन जी भीमथडी जात तयार झाली ती उंचीला बेताची, दिसायला साधी, आणि चालीला अविश्रांत. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही उशिरा का होईना चांगली गोष्ट झाली. पण या तट्टांचा चित्रकार आपल्याकडे झाला नाही. होऊ शकला असता असा एक मनुष्य मात्र होता. चार्ल्स मॅलेट या पुण्याच्या इंग्रज वकिलाच्या प्रोत्साहनाने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली तिच्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट तयार झाला. धातूच्या कामातला हा कारागीर १७९० च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्यापुढे बसला आणि त्याचे असे चित्र काढले, की त्या कातड्याची प्रत्येक घडी त्या एकाच गेंड्याची आहे. पुढे मॅलेटसाठी तो वेरूळला आला आणि तेथील लेण्यांची रेखाटने त्याने केली. वेरूळच्या वाटेवर, दौलताबादच्या घाटात, त्याला किती लादलेली तट्टे भेटली असतील! मॅलेटने लेणी सांगितली, म्हणून त्याने लेणी काढली. मागणीवर काम करणाऱ्याचे हे दुःख हौशी माणसाला नसते, आणि हौसेची बाजू घेणारा याहून चांगला मुद्दा मला सापडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात मागणी पुरविणारे नवे लोक आले. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याच्या कामी नेमणूक झाली. अजिंठा गावात राहून त्याने वर्षानुवर्षे कॅनव्हास रंगविले, आणि त्यांतील बहुसंख्य १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेले. त्याच्या मागून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्या प्रतींपैकीही पुष्कळ १८८५ मध्येच लंडनला आगीत सापडल्या, आणि चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर जे व्हार्निश फासले गेले ते पुढे पिवळे पडून मुळावरच उठले. दोन आगी आणि एक व्हार्निश: सतराव्या लेण्यातील त्या घोड्यांनी इतके सोसूनही ते उभे आहेत.

याच शतकाच्या मध्यास शहराच्या छावणीत एक प्रकरण घडले, ज्याचा चित्रकलेशी संबंध नाही, पण घोड्यांशी आहे. हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ औरंगाबादेस होते. ही पलटण शिलेदारी पद्धतीची, म्हणजे घोडा स्वाराच्या किंवा शिलेदाराच्या घरचा. सरकारने पगार द्यायचा, घोडा मेला तर तोटा ज्याचा त्याचा. १८५७ च्या जूनमध्ये या स्वारांत उठावाची ठिणगी पडली, पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, आणि पकडलेल्यांना देहान्त शासने झाली. ज्या काळ्या चबुतऱ्याशी ती स्मृती जोडलेली आहे तो क्रांती चौकात आहे. त्याच चौकात २०२२ च्या फेब्रुवारीत शिवछत्रपतींचा नवा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. शहरातील ज्या मुलांना आज घोडा काढावासा वाटतो त्यांतील बहुतेकांनी पहिला घोडा पाहिलेला असतो तो हाच, धातूचा आणि खालून वर पाहिलेला. परिणामी त्यांच्या वह्यांतील घोड्यांची छाती अवाढव्य आणि डोके इवलेसे होते.

आता खेचराकडे वळले पाहिजे, कारण त्याच्याकडे कोणी वळत नाही. अबुल फजलने आईने अकबरीत खेचरांच्या तबेल्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे: घोड्याचे बळ व गाढवाची सहनशीलता या प्राण्यात एकत्र येतात, एकदा चाललेली वाट तो विसरत नाही, आणि उत्तम खेचरे इराक-इराणातून येतात, असा त्याचा अभिप्राय. दक्खनेत मात्र ओझे वाहिले ते मुख्यतः लमाणांच्या बैलांनी आणि गाढवांनी. खेचर येथे खऱ्या अर्थाने वाढले ते इंग्रजी फौजेच्या वाहतूक खात्याबरोबर. जे. जे. स्कूलमध्येच दहा वर्षे शिल्प शिकवून पुढे लाहोरला गेलेल्या जॉन लॉकवुड किपलिंगने १८९१ मध्ये हिंदुस्थानातील माणसे व जनावरे यांच्यावर जे सचित्र पुस्तक लिहिले, त्यात घोडे व खेचरे यांना मिळून एक प्रकरण आहे. ग्रंथकार जितराबाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहतो, आणि स्वतःची व देशी चित्रकारांची अशी दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी छापतो. साम्राज्याच्या काळातील पुस्तकांत हा मोकळेपणा विरळा. खेचर काढणे हे घोडा काढण्याहून अवघड आहे, हे अनुभवाने पटते. कान लांब केले की त्याचे गाढव होते, मान उचलली की बिघडलेला घोडा होतो. खेचराचे खरे मर्म खुरांत आणि शेपटीत आहे: खूर अरुंद, उभट, जवळजवळ दंडगोल, शेपटी बुडाशी केस कमी असलेली, आयाळ आखूड व ताठ, आणि पाठ घोड्यापेक्षा सरळ. या चार गोष्टी बरोबर उतरल्या तर कान झाकून ठेवले तरी चालते.

हौसेचे खरे पूर्वज शोधायचे तर औंधला जावे लागते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः कुंचला धरणारे संस्थानिक. पोटासाठी त्यांना चित्रे काढायची नव्हती, आणि दरबारी चित्रकार तर त्यांना पदरी बाळगता येत होते. तरी रामायणाची चित्रे त्यांनी आपल्या हाताने रंगवून १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, चित्रकारांना घेऊन अजिंठ्यात प्रती करविल्या, आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या चित्रांना उच्च कलेचा दर्जा द्यावा असा माझा आग्रह नाही. पण हौशी माणूस समोरच्या थोर कृतीपुढे कसा बसतो, याचा तो नमुना आहे: आपली उणीव माहीत असूनही सकाळी उठून पुन्हा बसतो.

संस्थानिकांची ही चैन सामान्य घरांत पोहोचविली ती सरकारी रेखाकला परीक्षांनी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शब्दांशी ज्याच्या बालपणीची एखादी रविवारची सकाळ बांधलेली नाही असे मराठी घर थोडे. आणि स्मरणचित्रात जत्रा, टांगा किंवा वरात आली की घोडा अटळ. तो कसा निघे हे न आठवलेलेच बरे. पाठ्यपुस्तकी घोड्याचे मागचे पाय बहुधा माणसाच्या पायांसारखे पुढे वाकत, कारण ढोपरासारखा दिसणारा तो मागचा सांधा वस्तुतः घोट्याचा आहे, आणि खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी, कातड्याखाली दडलेला असतो, हे कोणी सांगत नसे. टांगे रस्त्यावर होते तोवर ही चूक निदान स्टेशनसमोर उभे राहून दुरुस्त करता येत होती. टांगे गेले, आणि घोडा उरला वरातीत, मोहरमच्या दुलदुलात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना दुलदुलाच्या स्मरणातून व पुढे चीनमधील तांगकालीन मातीच्या घोड्यांतून स्वतःचा घोडा गवसला, आणि त्यांच्यामागे देशभर ज्याने-त्याने हुसेनी घोडे काढले: मान झुगारलेली, नाकपुड्या फुललेल्या, पाय हवेत. हुसेन यांच्या हातात ते सामर्थ्य होते. अनुकरणात ते दिवाणखान्याचे सामान झाले. त्या झुगारलेल्या मानेखाली घोडा कुमैत आहे की सुरंग, हे कोणी विचारले तर चित्रकाराला सांगता येत नाही, आणि मोगली कारकुनाने असा कागद तत्क्षणी परत केला असता.

ज्याला एकेक घोडा पाहून काढायचा आहे त्याने आता जत्रा गाठाव्यात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, खेचरे उतरतात. गाढवांसाठी पौष पौर्णिमेची जेजुरी व पाथर्डीजवळची मढी प्रसिद्ध आहेत. छत्रपती संभाजीनगराहून ही सारी ठिकाणे काही तासांच्या टप्प्यात आहेत. तिथे घोडा पहाटे पाहावा, गिऱ्हाईक यायच्या आधी. चाबुकस्वार त्याला नाचवू लागला की तो कॅलेंडरवरचा घोडा होतो. त्यापूर्वी तो तोबऱ्यात तोंड घालून, एक मागचा पाय खुराच्या टोकावर सैल टेकवून उभा असतो, त्या बाजूचा पुठ्ठा किंचित खाली झुकतो, आणि सारा तोल उरलेल्या तीन पायांवर जातो. तो तोल साधला तर चित्र साधले. वहीभोवती माणसे जमतात, त्यांत दलालही असतात, आणि त्यांची टीका कोणत्याही कलाशिक्षकापेक्षा नेमकी असते: पुढचे पाय फार जवळ घेतलेत, याने छाती अरुंद दिसते, डोळ्यावरचा खड्डा खोल दाखवलात, म्हणजे वय चढले, पांढरा पाय डावा आहे, तुम्ही उजवा केलात. मालक तर हटकून सांगतो की देवमण स्पष्ट दिसू द्या, कारण चित्र पाहूनही एखादे गिऱ्हाईक वळेल. खेचराच्या चित्राकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे जत्रेत ते सर्वांत निवांतपणे काढता येते.